२६ क्रमांकाचे पाते : आमची वाटचाल

जपानच्या फुकुओकामधील एका रामेनच्या, म्हणजे रश्श्यातल्या नूडल्सच्या, दुकानात तीन वर्षे पडेल ते काम करून मी पुण्यात परतलो आणि बाणेरला बारा खुर्च्यांचे दुकान थाटले, तेव्हा तिकडची चव जशीच्या तशी आणायचा माझा हट्ट होता. फुकुओकातल्याच हाकाता भागाचा तोन्कोत्सु, म्हणजे डुकराची हाडे मोठ्या आचेवर तासन्‌तास उकळून दुधाळ केलेला रस्सा, आमच्या निम्म्या गिऱ्हाइकांना चालेना. म्हणून आम्ही कोंबडीची हाडे आणि पाय तसेच उकळू लागलो. याला तडजोड म्हणणाऱ्यांना मी सांगतो, की तोरी पाइतान या नावाने जपानातही हेच मिळते.

नूडल्सबाबत मात्र मी हटलो नाही. कर्ज काढून आणलेल्या यंत्राला २६ क्रमांकाचे पाते आहे, म्हणजे ३० मिलिमीटर रुंद पट्टीचे २६ बारीक धागे होतात. किलोभर मैद्याला जेमतेम २८० मिलिलिटर पाणी आणि कान्सुई, जो आपल्या पापडखाराचाच भाऊबंद. अशा बारीक नूडल्स रश्श्यात पटकन फुगतात, म्हणून हाकातात गिऱ्हाईक दहा मिनिटांत वाडगा संपवते आणि उरलेल्या रश्श्यात काएदामा, म्हणजे नूडल्सची दुसरी खेप, मागवते. आपल्याकडे आधी फोटो, मग गप्पा, आणि नूडल्स फुगल्या की तक्रार आमच्याकडे. परदेशातली पुष्कळ दुकाने याच कारणाने जाड नूडल्स वापरतात.

२०१९ मध्ये शेजारच्या गल्लीत ‘अस्सल जपानी रामेन’ अशी पाटी लागली. आत पाकिटातल्या हाका नूडल्स, कॉर्नफ्लोअरचा रस्सा, वर शेजवान चटणी आणि दर आमच्या निम्मा. मी दोन वर्षे शिकवलेला आचारीही त्यांनी नेला आणि त्याच्यासोबत आमच्या तारेचे, म्हणजे वाडग्याच्या तळाशी घालायच्या खारट अर्काचे, प्रमाणही गेले. आमची विक्री दिवसाला अकरा वाडग्यांवर आली. पाठोपाठ टाळेबंदी आली आणि मी यंत्र विकायला काढले.

चाकणच्या कारखान्यातले एक जपानी अभियंते दर गुरुवारी येत, आठ मिनिटांत जेवत आणि दोनदा काएदामा घेत. चवीबद्दल चकार शब्द काढत नसत. टाळेबंदीत त्यांनीच फोन करून गोठवलेला रस्सा आणि कच्च्या नूडल्स वेगवेगळ्या मागवल्या, पुढे सहकाऱ्यांनाही सांगितले. आमची घरपोच पाकिटे तिथून सुरू झाली आणि यंत्र विकायचे राहिले.

त्या गल्लीतल्या दुकानाच्या आता तीन शाखा आहेत. नूडल्स अजून पाकिटातूनच येतात आणि पाटीही तीच आहे.