सोसायचं काय आणि सांगायचं काय

पाचवा महिना लागला आणि माझ्या लक्षात आलं, की छातीत जळजळतंय हे कन्नडात कसं सांगायचं ते मला येत नाही.

माझं माहेर चंदगड तालुक्यात, कोवाडच्या बाजूला. सासर बेळगाव तालुक्यात, उचगावच्या पलीकडं. दोन्ही घरांत भाषा एकच, शेतात भात आणि रताळी तीच; मधे फक्त दोन राज्यांची हद्द. एरवी ती जाणवत नाही, दवाखान्यात जाणवते. सिस्टर धारवाडकडची, कार्ड कन्नडात आणि मी पहिलटकरीण. तिनं "एनर त्रास ऐतेन?" असं विचारलं की मी मान हलवून नाही म्हणायचे आणि बाहेर पडायचे. त्रास होता. रोज रात्री होता.

आता माझी नणंद चौथ्या महिन्यात आहे. तिला फोनवर तुकड्यातुकड्यानं सांगत होते, तेच इथं सलग लिहिते. मधले महिने सुखाचे असं सगळे म्हणतात. ओकाऱ्या थांबतात, पोट अजून जड झालेलं नसतं, हे खरं आहे. पण माझी खरी धावपळ याच महिन्यांत झाली, आणि ती तेव्हा झाली म्हणून पुढचं निभावलं.

पहिल्या तीन महिन्यांतच आशाताईंनी नाव नोंदवून तायी कार्ड हातात दिलं होतं. तायी म्हणजे आई. वजन, बीपी, हिमोग्लोबिन, इंजेक्शनं, सगळं त्यात तारखेनिशी लिहितात. मला कन्नड अक्षरं लागत नाहीत. मग एका दुपारी आशाताईंच्या ओसरीवर बसून प्रत्येक रकान्याच्या कडेला मी पेन्सिलीनं मराठीत लिहून घेतलं. अर्धा तास गेला असेल. पुढं बाळंतपणापर्यंत त्या पेन्सिलीच्या अक्षरांवरच माझं चाललं. हिमोग्लोबिन किती आलं हे दुसऱ्याला विचारावं लागलं नाही.

दुसरी गोष्ट आधार कार्डाची. लग्नाला दीड वर्ष होऊन गेलं तरी माझ्या आधारवर माहेरचा पत्ता तसाच होता. कर्नाटकात जून २०२३ पासून बायकांना सरकारी बस फुकट आहे, पण ती इथल्या रहिवाशांना. कंडक्टर माझं आधार बघायचा आणि तिकीट फाडायचा. ते पैसे एक वेळ जाऊ देत. पण पहिल्या बाळंतपणाला मातृवंदना योजनेचे ५,००० रुपये मिळतात, त्याच्या अर्जाला आधार आणि बँकेचं खातं जुळावं लागतं. माझं नाव एका ठिकाणी माहेरचं, दुसऱ्या ठिकाणी सासरचं. चौथ्या महिन्यात तीन खेपा घालून मी ते सगळं सरळ करून घेतलं. सीमेवर सून म्हणून आलेल्या प्रत्येकीनं हे आधी करावं असं मला मनापासून वाटतं. आठव्या महिन्यात त्या रांगेत उभं राहणं मला जमलं नसतं.

हिमोग्लोबिन ९.४ आलं. गरोदर बाईचं निदान ११ तरी हवं. लोहाच्या रोजच्या एका लाल गोळीच्या दोन झाल्या. त्या गोळ्यांनी संडासला काळी होते हे कुणी सांगितलं नव्हतं, पहिल्या दिवशी मी घाबरून आत्यांना (सासूबाईंना मी आत्या म्हणते) हाक मारली. काळी होणं साधं आहे, लोहामुळं होतं. पोट घट्ट होणं मात्र जिवावर यायचं. सकाळी उठल्यावर तांब्याभर कोमट पाणी, रात्री भिजवलेल्या मनुका आणि दोन्ही वेळेला पालेभाजी, यानं हळूहळू सुटलं. गोळी कशाबरोबर घ्यायची यातच सगळी मेख आहे. आमच्याकडं जेवण झालं की चहा लागतोच, आणि मी गोळी त्या चहाबरोबरच घेत होते. चहामुळं लोह अंगी लागत नाही. कॅल्शियमची गोळीही त्याच वेळी घेतली तर तेच होतं. मग मी घड्याळ बांधलं: कॅल्शियम जेवणाबरोबर, लाल गोळी त्यानंतर दोन तासांनी, लिंबूपाण्याबरोबर. चहा मधे कुठंही येऊ द्यायचा नाही. दोन महिन्यांनी १०.८ आलं.

जेवणाचंही सांगायला हवं. कर्नाटकात २०१७ पासून मातृपूर्ण योजना आहे, गरोदर बाईला अंगणवाडीत दुपारचं गरम जेवण मिळतं. मी जाते म्हटल्यावर आत्यांना लागलं. "घरात खायाला न्हाई काय गे? लोक काय म्हणतील?" त्यांचंही बरोबर होतं, त्यांच्या काळात पोटुशीनं कमी खावं, नाहीतर बाळ मोठं होऊन अडतं, असं मानायचे. मी त्यांच्याशी वाद घातला नाही. आशाताईंनी घरी येऊन त्यांना कार्डावरचं ९.४ दाखवलं आणि त्यात काय धोका असतो ते सांगितलं: बाळंतपणात सगळ्यांचंच रक्त जातं, आधीच कमी असलं तर तेवढंही सोसत नाही. त्यानंतर आत्या स्वतः मला अंगणवाडीपर्यंत सोडायला यायच्या. आणि घरी आल्यावर पुन्हा तांबड्या माठाची भाजी नि नाचणीची आंबील पुढ्यात ठेवायच्या.

आता त्रासांचं. शेजारच्या अक्का सौंदत्तीकडच्या, घरात कन्नड, आमच्याशी मराठी. एका संध्याकाळी मी कार्डाचं मागचं कोरं पान घेऊन त्यांच्या दारात बसले आणि शब्द लिहून घेतले. छातीतली जळजळ म्हणजे एदे उरी. कंबरदुखी म्हणजे सोंट नोवू. पोटात दुखणं होट्टे नोवू. दहाबारा शब्द असतील. पुढच्या ९ तारखेला (दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची खास तपासणी असते) मी सिस्टरला म्हणाले, "एदे उरी, रात्री." ती थांबली, पेन खाली ठेवलं आणि हसून मला बसायला सांगितलं. सहा महिन्यांत पहिल्यांदा आम्ही दोघी बोललो.

जळजळ का होते ते तेव्हा कळलं. गरोदरपणात अन्ननळीच्या तोंडाची झडप सैल पडते आणि वर येणारं गर्भाशय पोटाला ढकलतं, म्हणून आंबट वर येतं. एकदम पोटभर जेवण्याऐवजी थोडं थोडं पाच वेळा, रात्री जेवल्यावर दोन तास आडवं व्हायचं नाही, आणि उशाखाली एक वाकळ घडी करून. मिरचीचा ठेचा सोडणं मला सगळ्यात जड गेलं. एवढं करूनही राहिली तर औषध डॉक्टरांना विचारूनच, खोकल्यापासून पित्तापर्यंत काहीही दुकानातून आणायचं नाही.

रात्री दोन-अडीचला पोटरीत गोळा यायचा. पाय दगडासारखा व्हायचा, ओरडूही यायचं नाही. हे बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीत पाळीला जातात, रात्रपाळी असली की मी एकटी. अशा वेळी पाय चोळत बसण्यापेक्षा गुडघा सरळ ठेवून पायाची बोटं आपल्याकडं ओढायची, नाहीतर उठून भिंतीला हात लावून टाच जमिनीवर दाबायची. मिनिटभरात सुटतो. झोपण्याआधी हेच चारपाच वेळा केलं की रात्री कमी यायचा.

उठताना जांघेत अचानक कळ यायची, तीही घाबरवणारी. गर्भाशयाला धरून ठेवणारे स्नायूबंध ताणले जातात म्हणून ती येते. एकदम उठायचं नाही, आधी कुशीवर वळायचं, मग हाताच्या आधारानं बसायचं, मग उभं राहायचं. कमरेसाठी गुडघ्यांमध्ये उशी. भरलेली घागर उचलणं बंद केलं, त्याऐवजी दोन छोट्या कळश्या.

महाशिवरात्रीच्या दिवशी मी न्हाणीघराजवळच्या चुलीपाशी बसून उकडलेली रताळी सोलत होते. साल गरम होतं, बोटं फुंकत होते. आणि ओटीपोटात डाव्या बाजूला काहीतरी वळलं, भाताच्या खाचरातल्या पाण्यात लहान मासळी वळते तसं. मी हातातलं रताळं तसंच धरून बसले. पुन्हा वळलं. विसावा आठवडा चालू होता. पहिल्या खेपेला साधारण अठरा ते वीस आठवड्यांत हे जाणवतं. मी कुणाला काही न बोलता सगळी रताळी सोलून संपवली आणि मग आत्यांचा हात पोटावर नेऊन ठेवला. बाहेरून त्यांना काही लागलं नाही, तरी त्या देवापुढं जाऊन हळदकुंकू लावून आल्या.

त्याच आठवड्यात सोनोग्राफी झाली, बाळाचे अवयव नीट घडलेत का ते बघणारी. मुलगा की मुलगी हे १९९४ च्या कायद्यानं कुणी सांगायचं नाही, आणि गल्लीतल्या आजीबाया पोटाच्या आकारावरून जे सांगतात ते मी कानाआड केलं. सिस्टर एवढंच म्हणाली, "कूसु छलो ऐती." बाळ चांगलं आहे. कन्नडात कूसु म्हणजे बाळ. आपल्यात कूस म्हणजे ते जिथं वाढतं ती जागा, आणि आपण झोपतो तेही कुशीवर. घरी येईपर्यंत बसमध्ये मी तो शब्द मनात घोळवत होते.

एवढं शिकूनही मी चुकले, ते सांगते. एप्रिलच्या उन्हात लघवीला जळजळ सुरू झाली. ओटीपोट मधेमधे आवळायचं. ही गोष्ट कुठल्याच भाषेत बोलायची लाज वाटली. आधी जवळच्या एका खाजगी दवाखान्यात गेले, तिथं "पहिलटकरणीला असंच होतं, पाणी पी" म्हणून परत पाठवलं, लघवी तपासलीच नाही. मी आणखी चार दिवस सोसलं. पाचव्या रात्री थंडी वाजून ताप आला. सकाळी ह्यांनी बेळगावला नेलं. लघवीचा संसर्ग होता. डॉक्टर रागावल्या नाहीत, पण स्पष्ट बोलल्या: अंगावर काढला तर तो मूत्रपिंडापर्यंत जातो आणि वेळेआधी कळाही सुरू होऊ शकतात. गोळ्यांचा पूर्ण कोर्स केला, सातव्या दिवशी पुन्हा लघवी तपासली, साफ आली. त्या चार दिवसांत बाळाला काही झालं असतं तर, हा विचार मला आजही नीट झोपू देत नाही.

तेव्हापासून कार्डाच्या मागच्या पानावर मी दोन रकाने केले. एका बाजूला सोसायचं: छातीतली जळजळ, पोटरीतला गोळा, संध्याकाळी पावलांना येणारी सूज, पोटाच्या कातडीची खाज, वास-खाज नसलेलं पांढरं पाणी. दुसऱ्या बाजूला त्याच दिवशी सांगायचं: रक्त दिसणं, गर्भाचं पाणी जाणं, ताप, लघवीची जळजळ, डोकं ठणकून डोळ्यांपुढं अंधारी, चेहरा नि हात एकदम सुजणं, तळहात-तळपायांना न थांबणारी खाज, थांबून थांबून पोट आवळणं, बाळाची हालचाल कमी होणं. अक्कांनी दुसऱ्या रकान्यासमोर कन्नड शब्द लिहून दिले.

साखरेची तपासणी सव्वीसाव्या आठवड्यात झाली. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात विरघळवून प्यायचं आणि दोन तासांनी रक्त द्यायचं, १४० च्या आत यावं लागतं. पिणं सोपं नाही, मळमळतं, पण ओकलं तर सगळं पहिल्यापासून. माझं १२१ आलं.

मेमध्ये डोहाळजेवण झालं. आईनं हिरवी साडी आणली, अक्कांनी ओटी भरली. त्याच दिवशी जेवणं आटोपल्यावर अवघड बोलणं निघालं. पहिलं बाळंतपण माहेरी, हा रिवाज. आईनं खोलीसुद्धा सारवून ठेवली होती. पण तारीख जुलैच्या शेवटची. ताम्रपर्णी नदीला पाणी चढलं की माहेरकडचे रस्ते बंद पडतात, २०१९ ला कोवाडची बाजारपेठ पाण्यात होती. आणि तिकडूनही अडलेली बाई शेवटी बेळगावलाच आणतात. माझं रक्त आधी कमी होतं, सगळे कागद इथले. हे मी आईला सांगत असताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी तिचा हात धरून ठेवला. शेवटी तीच म्हणाली, "बाळ इथं होऊ दे, सव्वा महिना माझा." आत्यांनी लगेच मान डोलावली.

मग तयारी भराभर झाली. १०८ तर आहेच, पण पावसाळी रात्री ती यायला वेळ लागला तर म्हणून गल्लीतल्या दोन गाडीवाल्यांचे नंबर भिंतीवर लिहिले. माझा रक्तगट बी पॉझिटिव्ह, धाकट्या दिरांचाही तोच, त्यांना जुलैत गावाबाहेर जायचं नाही असं बजावलं. पिशवीत तायी कार्ड, आधार, पासबुक, सगळे रिपोर्ट प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून. दुपट्यांसाठी आजेसासूबाईंचं जुनं सुती इरकल लुगडं निघालं. धुऊन धुऊन ते इतकं मऊ झालं होतं की हातात धरलं तर वजन लागायचं नाही. मी आणि आत्यांनी त्याचे चौकोन फाडले, कडा शिवल्या, उकळत्या पाण्यातून काढले आणि मेच्या कडक उन्हात वाळवून ठेवले, कारण जुलैत काही वाळत नाही. तांबडा काठ आम्ही कापून टाकला नाही, प्रत्येक दुपट्याला थोडा थोडा येऊ दिला.

मुलगी झाली, २ किलो ८०० ग्रॅमची. नदीला तेव्हा पूर होता आणि आई दोन दिवस उशिरा पोचली. आता आम्ही माहेरी आहोत, ती तीन महिन्यांची झालीय आणि त्याच दुपट्यात झोपलीय. लाल गोळ्या बाळंतपणानंतरही १८० दिवस घ्यायच्या असतात, त्या चालू आहेत. आई दुपारचा चहा मला चार वाजल्याशिवाय देत नाही.