शांतीच्या आधीचे गाऱ्हाणे

ख्रिस्ती माणसाने चिंता करू नये, असे आमच्या मंडळीत लहानपणापासून शिकवले जाते आणि त्याला आधार म्हणून प्रेषित पौलाने फिलिप्पै नगरातल्या ख्रिस्ती लोकांना लिहिलेल्या, बायबलमधल्या पत्राच्या चौथ्या अध्यायातले सहावे वचन सांगितले जाते. वचन खरेच आहे. मात्र ते बहुधा अर्धेच सांगितले जाते. चिंता करू नका, एवढे म्हणून पौल थांबत नाही. प्रार्थना व विनंती करून, आभार मानून आपले मागणे देवाला कळवा, असे तो सांगतो, आणि बुद्धीच्या पलीकडची शांती त्याच्या पुढच्या वचनात येते. आधी कळवणे आणि मग शांती, हा क्रम मला फार मोलाचा वाटतो. शिवाय हे लिहिणारा स्वतः बंदिवासात होता. पूर्वी त्याच फिलिप्पै नगरात त्याला व त्याचा सोबती सीला याला छड्या मारून, पाय खोड्यात अडकवून तुरुंगात टाकले होते, आणि मध्यरात्री ते दोघे प्रार्थना करीत, गीते गात असताना बाकीचे बंदिवान ऐकत होते, असे बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात आहे. सुखवस्तू माणसाने दिलेला हा उपदेश नव्हे.

आईला अर्धांगवायूचा झटका आला, त्यानंतरच्या महिन्यांत मला हे उमजले. तिची कूस बदलणे, चमच्याने पेज भरवणे आणि रात्री दर थोड्या वेळाने उठणे यांत माझा दिवस कुठे संपतो हेच कळेनासे झाले होते. मंडळीतली माणसे भेटायला येत, प्रार्थना करीत आणि निघताना 'विश्वास ठेव' म्हणत. ती मनापासूनच म्हणत, पण दार लावल्यावर माझी तळमळ वाढलेली असे.

त्या काळात मी बायबलमधल्या स्तोत्रसंहितेकडे वळले. तिच्यातल्या १५० स्तोत्रांत विलापाची स्तोत्रे किती आहेत, हे उपासनेत ठरावीक स्तोत्रेच ऐकणाऱ्याच्या लक्षात येत नाही. ४२व्या स्तोत्रात भक्त आपल्याच जिवाला विचारतो, की तू इतका खिन्न का झालास? ८८वे स्तोत्र तर अंधारातच संपते. त्याला शेवटी सांत्वनाची ओळ जोडलेली नाही, आणि तरीही ते पवित्र शास्त्रात आहे. हे वाचल्यावर मला धीर आला. त्या संध्याकाळी आईच्या खाटेजवळ बसून मी मोठ्याने म्हटले, "प्रभू, मी थकले आहे. मला हिचा राग येतो आणि त्या रागाची लाज वाटते." आई ऐकत होती. तिने आपला चांगला हात माझ्या मनगटावर ठेवला आणि अडखळत 'आमेन' म्हटले.

दुखणे तसेच राहिले, जागरणेही तशीच राहिली. मात्र देवापासून काही लपवायचे उरले नव्हते, आणि ज्याला मी शांती म्हणते ती मला तिथे मिळाली.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे आयुष्य आठवले तरी हेच दिसते. १८९५ साली मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांचे घर दुभंगले. पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे त्यांच्यापासून दूर राहिल्या, आणि पुढे स्वतःच्या विचाराने त्याही ख्रिस्ती झाल्या. ज्यांची भजने आम्ही आजही गातो, त्यांना श्रद्धेने ताटातुटीतून सोडवले नाही. त्या ताटातुटीत श्रद्धेने त्यांना सांभाळले. वधस्तंभाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत प्रभू येशूनेही आपला जीव मरणप्राय खिन्न झाला आहे असे शिष्यांना सांगितले आणि मगच 'माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो' असे पित्याला म्हटले. त्याने आधीचे वाक्य गाळले नाही. मग आम्ही दुःखितांना ते गाळायला का लावावे?

म्हणून आता कुणाच्या आजारपणात भेटायला गेले, की मी आधी घरच्या माणसाला बोलू देते आणि मग विचारून ४२वे स्तोत्र वाचते. प्रार्थना शक्यतो त्यांनीच करावी, असे सुचवते. शब्द सापडले नाहीत, तर आम्ही नुसते बसून राहतो.