तुम्ही विचारलंत म्हणून : फाशीचं जजमेंट टाईप केलेल्या बाईला काय वाटतं

जिल्हा कोर्टात छत्तीस वर्षं स्टेनो होते असं सांगितलं की लोक ठरलेले प्रश्न विचारतात. पहिला म्हणजे फाशी सुनावल्यावर जज खरंच पेनाची निब मोडतात का. तर आमच्या साहेबांकडे साधं बॉलपेन होतं, सही केली, टोपण लावलं, खिशात ठेवलं आणि दुपारी त्याच पेनाने दोन जामीन अर्ज निकाली काढले. निब मोडणारे असतात असं ऐकलंय, मी बघितलेले नाहीत.

दुसरा प्रश्न, फाशी असावी की नसावी. मी नसावी म्हटलं की लगेच तिसरा येतो, "तुमच्या घरात असं झालं असतं तर?" परवा भाच्याच्या मुलाच्या मुंजीत पंगतीला बसल्या बसल्या एकांनी हेच विचारलं, मी सांगायला लागले तेवढ्यात जिलबी आली आणि ते राहूनच गेलं. म्हणून आता एकदाचं लिहून टाकते.

आधी हे कबूल करते की मी काही पहिल्यापासून नको म्हणणारी नव्हते. मी पुण्यात वाढले, १९७६ साली बारा वर्षांची होते. जोशी-अभ्यंकर खून ज्यांनी नुसते ऐकलेत त्यांना ते दिवस कळायचे नाहीत, संध्याकाळी सातनंतर बेल वाजली की घरातले सगळे एकमेकांकडे बघायचे, वडील आधी खिडकीतून विचारायचे कोण आहे, मग दार. भांडारकर रोडवर अभ्यंकरांच्या बंगल्यात एका रात्रीत पाचजण गेले, त्यात ८८ वर्षांचे संस्कृतचे पंडित होते. एकूण दहा खून, आणि करणारी कॉलेजची पोरं. २७ नोव्हेंबर १९८३ ला चौघांना येरवड्यात फाशी झाली तेव्हा आमच्या घरात कोणाला वाईट वाटलं नाही, मलाही नाही, आणि आज आठवलं तरी नाही वाटत. हे लपवून पुढचं लिहिलं तर ते खोटं होईल.

नंतर नोकरी लागली, आणि बऱ्याच वर्षांनी ती केस आली. जिल्हा सांगत नाही, नावंही नाहीत. चोरी करताना दोन खून, त्यातला एक सहा वर्षांचा मुलगा. माझा धाकटा तेव्हा सातचा होता. पोस्टमॉर्टेम करणाऱ्या डॉक्टरांची साक्ष मी घेतली होती, जखम क्रमांक एक, जखम क्रमांक दोन, लांबी, रुंदी, खोली, सगळं सेंटिमीटरमध्ये, आणि घरी येऊन पोराचा शर्ट इस्त्री करताना माझा हात थांबायचा. त्या आठवड्यात कोणी विचारलं असतं तर मीच म्हटलं असतं, द्या फाशी, आजच द्या.

म्हणजे "तुमच्या घरात झालं असतं तर" ह्याचं उत्तर मला माहीत आहे. माझ्या घरात झालं असतं तर मी त्याला स्वतःच्या हाताने मारायला निघाले असते, आणि म्हणूनच ती केस माझ्यासमोर चालवत नाहीत.

केस दोन वर्षं चालली. पंच, पंचनामे, मुद्देमाल, निशाण्या, पुराव्यावर आरोपीचं म्हणणं विचारायचे कलम ३१३ चे दीडशेच्या वर प्रश्न, जजमेंट एकशे अठ्ठेचाळीस पानांचं. गुन्हा सिद्ध झाल्याचं सांगितलं सकाळी अकराला, आणि शिक्षेवर सुनावणी त्याच दिवशी दुपारी तीनला. सरकारी वकील अर्धा तास बोलले. आरोपीचा वकील सरकारने दिलेला, त्याला फी किती मिळते ते सांगायला नको, तो उठला आणि म्हणाला आरोपी तरुण आहे, गरीब आहे, म्हातारी आई आहे, दया दाखवावी. साहेबांनी आरोपीला विचारलं, शिक्षेबद्दल काही सांगायचंय? तो म्हणाला, आई एकटी आहे. झालं. नंतर मोजल्या म्हणून सांगते, जजमेंटमध्ये त्याच्याबद्दल अकरा ओळी आल्या. खून कसा झाला ते आम्ही दोन वर्षं इंच इंच तपासलं, आणि हा माणूस कोण, कुठे वाढला, डोकं ठिकाणावर आहे का, पुढे सुधारेल का, ह्याला काही मिनिटं. गृहकर्जाला बँकवाले माणसाची ह्याच्यापेक्षा जास्त चौकशी करतात हो.

साहेब वाईट नव्हते. उलट फार सरळ माणूस, रात्री झोपले नसणार हे सकाळी डोळ्यांवरून कळत होतं. पण पद्धतच तशी होती.

आणि कायदा मात्र तसं म्हणत नाही, गंमत तिथेच आहे. १९८० च्या बच्चन सिंग निकालात सुप्रीम कोर्टाने सांगून ठेवलंय की जन्मठेप हा नियम आणि फाशी हा अपवाद, तोही दुर्मिळातल्या दुर्मिळ केसमध्ये, गुन्ह्याइतकंच गुन्हेगाराकडेही बघायचं आणि दुसरा कुठलाच पर्याय उरला नसेल तरच द्यायची. पाच जजपैकी न्या. भगवती तेव्हाही म्हणाले होते की हे शेवटी बेंचवर कोण बसलंय ह्यावर ठरणार. मनोज नावाच्या केसमध्ये २०२२ साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं की शिक्षा ठरवण्याआधी आरोपीच्या घरादाराची माहिती, तुरुंगातली वागणूक, मानसिक तपासणी हे सगळं मागवा. बेचाळीस वर्षांनी! मी त्याच वर्षी रिटायर झाले.

लोक म्हणतात वर हायकोर्ट आहे, सुप्रीम कोर्ट आहे, राष्ट्रपती आहेत, एवढ्या चाळण्यांतून चूक कशी सुटेल. खरंय, सेशन कोर्टाची फाशी हायकोर्टाने कायम केल्याशिवाय देताच येत नाही, याकूब मेमनच्या वेळी तर ३० जुलै २०१५ ला पहाटे तीननंतर सुप्रीम कोर्ट उघडून सुनावणी घेतली होती. पण चाळणी वर कितीही बारीक असली तरी तिच्यात जे ओतायचं ते खालूनच येतं ना. आमच्या अकरा ओळी.

नाशिकचं उदाहरण सांगते, हे मनातून जात नाही. जून २००३, एका वस्तीवर दरोडा, पाच खून, बलात्कार, भयंकर प्रकार. सहाजणांना धरलं, भटक्या जमातीतले, गरीब. २००६ ला सेशन कोर्टाने सहाही जणांना फाशी दिली. हायकोर्टाने तिघांची कायम केली, तिघांची जन्मठेप केली. २००९ ला सुप्रीम कोर्टाने त्या तिघांनाही परत फाशी दिली. म्हणजे तिन्ही चाळण्या झाल्या, आणि सगळ्यात वरच्या चाळणीने शिक्षा वाढवली. मग २०१८ ला सुप्रीम कोर्टाने स्वतःचाच निकाल मागे घेतला, परत ऐकलं, आणि मार्च २०१९ ला सहाही जणांना निर्दोष सोडलं. शिक्षा कमी केली नाही, निर्दोष सोडलं. त्या रात्रीतून वाचलेल्या साक्षीदार बाईने पोलिसांच्या अल्बममधले फोटो बघून सुरुवातीला ओळखले होते ते चौघं वेगळेच होते, आणि त्यांच्यामागे कोणी गेलंच नव्हतं. सोळा वर्षं आत काढली, कोर्टाने सरकारला प्रत्येकी पाच लाख द्यायला लावले. आणि ज्यांनी खरंच केलं ते कुठे आहेत? त्या बाईला न्याय मिळाला का? हे फाशी मागणाऱ्यांनी मला सांगावं, मी खरंच विचारतेय.

पुण्यातलं १९९४ चं सात खुनांचं प्रकरण तसंच. तिथे गुन्हा केला नाही असं कोर्ट म्हणालं नाही, पण फाशी सुनावलेल्यांपैकी एकजण घटनेच्या वेळी साडेबारा वर्षांचा होता हे राजस्थानातल्या शाळेच्या नोंदीवरून सिद्ध झालं २०२३ ला. तोपर्यंत तो अठ्ठावीस वर्षं तुरुंगात होता, त्यातली बहुतेक फाशीच्या कोठडीत. मूल होता तो, आणि हे कळायला शाळेचं रजिस्टर बघायचं होतं फक्त.

बरं, ज्यांच्याबद्दल काही शंका नाही त्यांचं तरी काय होतं? कोल्हापूरच्या त्या दोघी बहिणी, लहान मुलं पळवून मारणाऱ्या. २००१ ला फाशी, २००६ ला सुप्रीम कोर्टात कायम, आणि दयेच्या अर्जावर फाईल ह्या टेबलावरून त्या टेबलावर फिरण्यात जवळजवळ आठ वर्षं गेली, शेवटी २०२२ ला मुंबई हायकोर्टाने उशीर झाला म्हणून जन्मठेप केली. पुण्याजवळच्या गहुंजेच्या २००७ च्या केसमध्ये, बीपीओतल्या मुलीवर बलात्कार करून खून केला त्यात, तेच, तिथे फाशीची तारीखसुद्धा ठरली होती. सरकारी ऑफिसात आयुष्य गेलंय माझं, फाईल का अडते ते मला शिकवू नका, पण ज्यांची पोरं गेली त्या आईबापांना दर दोन वर्षांनी पेपरात तोच फोटो बघावा लागतो आणि शेवटी हाती काय, तर जन्मठेप. मग पहिल्याच दिवशी ती दिली असती तर त्यांच्या डोक्यावरचं हे टांगतं ओझं तरी गेलं असतं.

"जन्मठेप म्हणजे चौदा वर्षांत बाहेर." हा गैरसमज इतका पक्का आहे की कोर्टातले शिपाईसुद्धा असंच म्हणायचे. जन्मठेप म्हणजे मरेपर्यंत. खुनासारख्या गुन्ह्यात चौदा वर्षं व्हायच्या आधी सरकार सोडू शकत नाही एवढाच त्या चौदाचा अर्थ, चौदाला सोडलंच पाहिजे असा नाही. शिवाय २००८ पासून सुप्रीम कोर्टाने वीस, पंचवीस, तीस वर्षं सूट नाही, किंवा मरेपर्यंत सूट नाही, अशा शिक्षा द्यायला सुरुवात केली आणि २०१५ ला घटनापीठाने ते मान्यही केलं. गहुंजेवाल्यांना पस्तीस वर्षं आहेत. मुंबईच्या शक्ती मिलमधल्या सामूहिक बलात्काराच्या तिघांची फाशी हायकोर्टाने २०२१ ला काढून नैसर्गिक मरणापर्यंत जन्मठेप केली, पॅरोलसुद्धा नाही. हे सोडून देणं आहे का?

आणि धाक म्हणाल तर दिल्लीच्या घटनेनंतर २०१३ च्या सुरुवातीला कायदा कडक केला, पुन्हा बलात्कार केला तर फाशी असं कलम आलं, आणि त्याच वर्षी जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईत शक्ती मिल झालं. त्या पोरांनी कलम वाचलं नव्हतं असं म्हणा हवं तर. पकडले जाऊ असंच त्यांना वाटलं नव्हतं, आणि माझ्या समोर पिंजऱ्यात उभे राहिलेल्या एकालाही तसं वाटलं नव्हतं.

एकदा एका जयंतीच्या कार्यक्रमात मी सांगितलं की बाबासाहेबांनी ३ जून १९४९ ला संविधान सभेत म्हटलं होतं की फाशीच्या अपिलांची चर्चा करण्यापेक्षा फाशीच रद्द केलेली मला आवडेल, तर समोरचे दोघंतिघं चमकले. बाबासाहेबांचं म्हणणं असं होतं की हा देश अहिंसा मानतो, पाळत नसेल पण मानतो, तेव्हा फाशी रद्द करणंच योग्य. त्याच कार्यक्रमानंतर मला एका मुलाने खैरलांजी विचारलं, एका दलित कुटुंबातल्या चौघांना मारलं ते. तिथे २००८ ला सहाजणांना फाशी सुनावली आणि २०१० ला हायकोर्टाने पंचवीस वर्षं केली, तेव्हा लोकांना काय वाटलं असेल ते मी त्याला कुठल्या तोंडाने समजावणार. माझ्याकडे उत्तर नव्हतं. "तुझा राग बरोबर आहे" एवढंच म्हणाले.

माझ्या त्या केसचं राहिलंच. निकालाची नक्कल आरोपीला फुकट द्यावी लागते. कैदी पार्टीबरोबर, म्हणजे कैद्याला आणणाऱ्या पोलिसांबरोबर, तो टेबलापाशी आला, पोच म्हणून सही केली, अक्षर चौथीतल्या पोरासारखं, आणि मला म्हणाला, "बाई, ह्यात आईचं नाव आहे का?" का विचारतोय ते कळेना मला, पण नाही कसं म्हणू, मी पानं उलटून बघितली. "आरोपीस वृद्ध आई आहे" एवढंच होतं. नाही म्हटलं. बरं म्हणाला आणि गेला.

दीड वर्षाने हायकोर्टाचा निकाल आमच्याकडे आला, आवक बारनिशीत, म्हणजे आलेल्या कागदांच्या रजिस्टरात, चढवला. दोष कायम, फाशीची जन्मठेप. वाचायचं माझं काम नव्हतं पण जेवणाच्या सुट्टीत वाचला. तिकडच्या वकीलबाईंनी गावी माणूस पाठवून प्रतिज्ञापत्र करून आणलं होतं, आईचं नाव, वय, ऊसतोडीला जायची ते, नवरा कधी मेला ते, पोराला कितवीतून काढलं ते. साडेचार पानं होती.