धबधबे परत मागणारा जहाजमालक

नॉर्वेतल्या पोर्सग्रुनहून कामाला जाताना माझी बस बोर्गेस्टाडवरून जाते. पुढचं गाव स्कीएन. लिहायचं स्कीएन आणि म्हणायचं शेन, हे कळायलाच मला सहा महिने लागले, तेव्हा वाटेतल्या बोर्गेस्टाडच्या जुन्या वाड्याकडे लक्ष जाणं शक्यच नव्हतं. २०२२ च्या हिवाळ्यात विजेचं बिल बघून मी हबकले, आणि शेजारच्या आजींकडे कुरकुर करायला गेले. त्या म्हणाल्या, "महाग आहे खरं, पण धबधबे तरी आपले आहेत. क्नुडसेनची कृपा!" इथली बहुतेक वीज पाण्याच्या जोरावर तयार होते, म्हणून धबधब्यांचा विषय. बिल होतं तेवढंच राहिलं. बोर्गेस्टाडच्या त्या वाड्याचा मालक आणि नॉर्वेचा एके काळचा पंतप्रधान गुन्नार क्नुडसेन मात्र तेव्हापासून डोक्यात बसला.

त्याचा जन्म १८४८ चा, आरेन्डालजवळचा. वडील जहाजमालक. हा स्वीडनमध्ये योटेबोरीच्या चाल्मर्स तंत्रशाळेत जाऊन इंजिनिअर झाला, परत आला आणि भावाबरोबर जहाजांचा धंदा वाढवला. शिवाय स्कीएनला धबधब्यालगत लाकडाचा लगदा करण्याचा कारखाना, लाउगस्टोल. १८८५ साली तिथूनच त्याने बाहेरच्या गिऱ्हाइकांना वीज विकायला सुरुवात केली. नॉर्वेत असं त्याआधी कुणी केलं नव्हतं. मी स्वतः इलेक्ट्रिकलवाली, त्यामुळे पंतप्रधानपदापेक्षा मला हेच जास्त भारी वाटतं. एडिसनचं न्यूयॉर्कमधलं वीजकेंद्र सुरू होऊन तेव्हा तीनच वर्षं झाली होती!

तो व्हेन्स्ट्रे या उदारमतवादी पक्षाचा. व्हेन्स्ट्रे म्हणजे डावं, पण आज हा पक्ष बऱ्याचदा उजव्यांच्या पंगतीला दिसतो. ते असो. १९०५ मध्ये नॉर्वे स्वीडनपासून वेगळा झाला तेव्हा क्नुडसेन अर्थमंत्री होता. बाकीचं मंत्रिमंडळ डेन्मार्कच्या राजपुत्राला गादीवर बसवायच्या तयारीत. हा प्रजासत्ताकवाला. राजा हवा की नको हे आधी लोकांना विचारा, म्हणाला, आणि राजीनामा देऊन मोकळा झाला. पुढे जनमत घेतलं गेलं, त्यात राजाच्या बाजूचे लोक मोठ्या फरकाने जिंकले. तीन वर्षांनी, १९०८ ला, हा त्याच राजाचा पंतप्रधान झाला. यात मला दांभिकपणा दिसत नाही. लोकांचा कौल लागला, विषय संपला, असा तो व्यवहारी हिशोब असावा.

आता धबधबे. त्या काळी परदेशी भांडवलदार शेतकऱ्यांकडून धबधबे भराभर विकत घेत होते. १९०६ मध्ये घाईघाईने एक कायदा करून त्याला बांध घातला, त्याला नाव पडलं 'घबराट कायदा'. खरं काम १९०९ मध्ये क्नुडसेनच्या सरकारने केलं. न्यायमंत्री योहान कास्टबर्ग त्यासाठी हट्टाला पेटलेला. खासगी कंपनीला धबधबा वापरायचा तर परवाना घ्या, साठ ते ऐंशी वर्षं वापरा, आणि मुदत संपली की धरण आणि यंत्रांसकट सगळं सरकारजमा. भरपाई शून्य. याला म्हणतात 'येमफाल'. येम म्हणजे घर. गेलेली वस्तू घरी परत येते, असा काहीसा भाव त्या शब्दात आहे.

कायदा फक्त परदेशी लोकांसाठी असता तर टाळ्या मिळवणं सोपं होतं. हा नॉर्वेतल्या खासगी कंपन्यांनाही लागू होता, म्हणजे क्नुडसेनच्याच जातकुळीतल्या लोकांना. पक्षातली धंदेवाली मंडळी बिथरली, वेगळा पक्ष काढून बसली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९१८ साली कायदा टिकला, पण कसा? चार विरुद्ध तीन. एक न्यायमूर्ती फिरला असता तर आजींचं ते वाक्य मी ऐकलंच नसतं.

१९१३ ते १९२० तो पुन्हा पंतप्रधान होता. त्याच्याच कारकिर्दीत, जून १९१३ मध्ये, स्त्रियांना पूर्ण मताधिकार मिळाला, संसदेत एकही मत विरोधात न पडता. पण इतिहासात तो अडकला आहे एका वाक्यात. फेब्रुवारी १९१४ मध्ये संसदेत तो म्हणाला, की जगाच्या राजकारणाचं आभाळ कित्येक वर्षांत नव्हतं इतकं निरभ्र आहे. ऑगस्टमध्ये महायुद्ध पेटलं. नॉर्वे तटस्थ राहिला, तरी त्याची जवळजवळ निम्मी व्यापारी जहाजं बुडाली आणि सुमारे २,००० खलाशी गेले. गावात महागाई, त्याच वेळी जहाजांच्या शेअरवर काही जण गब्बर झालेले, आणि पंतप्रधान स्वतः जहाजमालक. ही बाजू मला अजून पचत नाही. वाड्याकडे कौतुकाने बघताना तीही आठवते.

१ डिसेंबर १९२८ ला तो बोर्गेस्टाडलाच वारला. १९१५ मध्ये एकट्याच्या बळावर बहुमत मिळवणाऱ्या त्याच्या पक्षाची आता संसदेतल्या समतोलाच्या जागांसाठी (ज्या पक्षांच्या देशभरच्या मतांनुसार वाटतात) लागणारी चार टक्के मतांची अट ओलांडताना दमछाक होते.

परवा आजींना विचारलं, तुम्ही व्हेन्स्ट्रेलाच मत देत असाल ना? त्यांनी कॉफीचा कप खाली ठेवला आणि हात झटकले.

"छे! आयुष्यात कधी दिलं नाही."