चतुःसीमा

नववीत असताना आपल्या शाळेतल्या इतिहासाच्या सरांनी दिवाळीच्या सुट्टीचा अभ्यास एकाच वाक्यात दिला होता. "घरात जुना कागद असेल तर घेऊन या, वाचता आला नाही तरी चालेल." आमच्या माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत, अगदी तळाशी, लाल कापडात गुंडाळलेला एक कागद होता. आजी हात लावू देईना. जमिनीचा असेल, हरवला तर? शेवटी बाबा स्वतः तो घेऊन शाळेत आले, सरांच्या हातात दिला आणि तास संपेपर्यंत वर्गाच्या दाराशी उभे राहिले.

कागद मोडीतला. सरांनी तो टेबलावर पसरून कोपऱ्यांवर खडूच्या पेट्या ठेवल्या आणि आम्हाला भोवती उभं केलं. मोडीत आधी आडवी रेघ ओढून घेतात आणि मग तिला अक्षरं लटकवतात. शब्द कुठे संपला ते दिसत नाही, त्यामुळे वाचणाऱ्याला गाव ठाऊक असावं लागतं. सर कागदाला बोट न लावता, वरच्यावर फिरवत वाचत होते. तारीख शुहूर सनात, म्हणजे जुन्या मराठी कागदांतल्या कालगणनेत, होती. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन येतो, हे त्यांनी फळ्यावर मांडून दाखवलं. दोन आकडे का, तर हे साल मृग नक्षत्राला सुरू होतं, म्हणून त्याला मृगसालही म्हणतात. घरी जाऊन आजीला सांगितलं, की पूर्वी पेरणीबरोबर वर्ष बदलायचं. ती म्हणाली, "मग बरोबरच होतं की."

कागद बांधाच्या भांडणाचा निघाला. त्यात शेताची चतुःसीमा दिली होती. पूर्वेस ओढा, दक्षिणेस पांढरा धोंडा, पश्चिमेस जोड जांभळी, उत्तरेस देवाची राई. पुढच्या रविवारी सरांनी सगळ्या वर्गाला ती चतुःसीमा चालवली. ओढा जागेवर होता. धोंडा बांधात गाडला गेला होता, त्याची वीतभर पाठ तेवढी वर दिसत होती. जांभळी गेल्या होत्या. राई मात्र कागदाने सांगितली तिथेच उभी. कडेला आम्ही चपला काढल्या. आत मांडीएवढ्या जाडीची गारंबीची वेल एका झाडावरून दुसऱ्यावर गेलेली, पाचोळ्यात पाय घोट्यापर्यंत बुडत होता आणि मध्ये उघड्यावरच शेंदूर लावलेला तांदळा, म्हणजे देव म्हणून पुजलेला अनघड दगड. सरांनी विचारलं, "कुंपण नाही, पहारेकरी नाही. मग ही हद्द इतकी वर्षं राखली कोणी?"

या एका प्रश्नावर माझी सगळी नोकरी झाली.

दहावीनंतर पुण्याला गेले, इतिहासात एम.ए. केलं आणि पीएच.डी.ला आपल्याच खोऱ्यातली कुरणं, गायरानं आणि राया हा विषय घेतला. पेशवे दफ्तरात, म्हणजे पेशव्यांच्या कारभाराच्या कागदांच्या संग्रहात, कागद कापडी रुमालांत बांधलेले असतात. रुमाल सोडला की आधी धूळ, मग कागद. इतिहासकार रियासतकार सरदेसायांनी या दफ्तरातून १९३० ते १९३४ या काळात ४५ भाग छापून काढले. ते काम डोंगराएवढं आहे, पण त्यात भर मुख्यतः राजकारणावर आहे. मला हवे होते थळझाडे म्हणजे शेतजमिनींच्या याद्या, महजर म्हणजे गावसभेचे निवाडे, गवताच्या भाऱ्यांचे हिशेब. एका मुलाखतीत मला विचारलं गेलं, की बाई, हा इतिहास आहे की वनस्पतिशास्त्र? नोकरी मिळाली नाही, याचं त्या दिवशी फार वाईट वाटलं होतं. पुढे तालुक्याच्या महाविद्यालयात लागले आणि तिथेच निवृत्त झाले.

कागदांनी मला जे शिकवलं ते असं, की आपल्या डोंगरातलं रान आपोआप उभं राहिलेलं नाही. आपण लहानपणी दाढ, म्हणजे भाताच्या रोपांचा वाफा, भाजायचो. ऐनाचा टहाळ तोडायचा, वाफ्यावर शेण, पालापाचोळा, माती असे थर द्यायचे आणि पावसाआधी पेटवायचं. हा राब. झाड मुळापासून तोडायचं नाही, फक्त टहाळ घ्यायचा, म्हणजे पुढच्या फेरीला तेच झाड पुन्हा देतं. १८७८ च्या वन कायद्यानंतर अशा कितीतरी वापरांवर बंधनं आली. महात्मा फुल्यांनी १८८३ मध्ये 'शेतकऱ्याचा असूड' लिहिताना जंगलखात्याने गायरानं आणि डोंगर घेतल्यावर शेतकऱ्याच्या जनावरांचं काय झालं ते किती पोटतिडकीने मांडलंय! ठाण्याकडच्या राबाच्या तक्रारींसाठी तर मुंबई सरकारला आयोग नेमावा लागला, त्याचा अहवाल १८८७ चा. मी तो वाचला तेव्हा आमच्या आजीचंच बोलणं इंग्रजीत छापलंय असं वाटलं.

राया वाचल्या त्या माणसांनी राखल्या म्हणून. पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांनी सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास करून १९७६ मध्ये तो प्रसिद्ध केला. श्रीवर्धन तालुक्यातल्या गाणी गावची देवराई तोडीच्या वाटेवर होती, तेव्हा गावकऱ्यांनी वर्तकांकडे धाव घेतली. राई गेली तर तिच्यातला ओढा आटेल, हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. ती राई वाचली.

महाविद्यालयाबाहेरचं माझं काम २००६ च्या वनहक्क कायद्याने वाढवलं. आदिवासी नसलेल्या पारंपरिक वननिवासींना तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा पुरावा द्यावा लागतो. तो कुठून आणायचा? गॅझेटियर, जुने नकाशे, सर्व्हेचे कागद, आणि गावातल्या वडीलधाऱ्यांचे जबाब, हे सगळं पुरावा म्हणून चालतं. मी विद्यार्थ्यांना घेऊन वाड्यावस्त्यांवर बसले. म्हातारी माणसं ओढ्याचं, झाडाचं, वाटेचं नाव सांगायची आणि ते नाव नकाशावर सापडलं की सगळी वाडी जमायची. एका आजीबाईंनी ज्या पाणवठ्याचं नाव सांगितलं, तो नकाशावर होता आणि जमिनीवर गाळाने बुजलेला. पोरांनी दोन दिवसांत तो उपसला. पीएच.डी.च्या पदवीपेक्षा मला त्या पाण्याचा आनंद जास्त झाला.

आपली राई मात्र सगळी वाचवता आली नाही. जीर्णोद्धाराच्या नावाने तांदळ्यावर स्लॅब पडला, फरशी आली, वाट रुंद करताना गारंबी ज्यांच्यावर चढली होती ती तीन झाडं गेली. मी बैठकीत उभी राहिले, जुना कागद वाचून दाखवला, पण उशीर झाला होता. काम करणारीही आपलीच माणसं, देवावर श्रद्धा असलेली. आता फरशीच्या पुढे बांधकाम न्यायचं नाही असा ठराव ग्रामसभेने केला आहे आणि दर पावसाळ्यात मी तिथली रोपं मोजायला जाते.

सर आता नाहीत. त्यांनी चतुःसीमा चालताना वहीच्या पानावर काढलेला नकाशा त्यांच्या घरच्यांनी माझ्याकडे दिला. तो आणि आमच्या कागदाची प्रत अमृतमहोत्सवानिमित्त शाळेच्या वाचनालयाला देते आहे. मुख्याध्यापकांशी बोलणं झालंय, मार्गशीर्षातल्या पहिल्या रविवारी नववीच्या मुलांना घेऊन पुन्हा निघायचं. सकाळी सातला शाळेच्या फाटकाशी. ओढ्यावर अजून पूल नाही, तेव्हा पँटी दुमडून पाण्यातूनच जावं लागेल. आणि ज्यांच्या घरी ट्रंकेत कागद असेल, त्यांनी तो आणावा. वाचता आला नाही तरी चालेल.

— एक माजी विद्यार्थिनी, दहावी १९७९