दाजींचं यंत्र, तात्यांचं बोट

पाहुणे आले की अंबाबाई, रंकाळा, तांबडा-पांढरा. दुसऱ्या दिवशी जोतिबा-पन्हाळा. तिसऱ्या दिवशी चपला घेऊन एसटी स्टँड. आमच्या घरचा हा ठरलेला कार्यक्रम. या जानेवारीत तो मोडला, कारण पाहुणे म्हणून दाजी आले होते.

दाजी म्हणजे माझ्या आतेबहिणीचे यजमान. दिंडोरी तालुक्यात त्यांची द्राक्षबाग आहे, खायच्या द्राक्षांची नव्हे, वाईनच्या. गेल्या फेब्रुवारीत आम्ही नवरा-बायको त्यांच्याकडे गेलो होतो. त्यांनी आम्हाला गंगापूर धरणाच्या बाजूला एका वायनरीत नेलं. एक पोरगा आमच्यापुढे चार ग्लास मांडून सांगत होता, ग्लास असा फिरवा, वास घ्या, पेरूचा वास येतोय का बघा. मला चौथ्या ग्लासापर्यंत द्राक्षाचाच वास येत होता. पण एक गोष्ट डोक्यात बसली. एकाच जातीचं द्राक्ष, चेनिन ब्लांक, या उतारावरचं वेगळं लागतं आणि त्या उतारावरचं वेगळं, हे ऐकायला आणि चाखायला माणसं पैसे मोजून बसली होती. आणि आम्ही? घरात वर्षाचा गूळ भरतो, पण तो कुठल्या गावचा, कुठल्या रानातला, हे कधी विचारत नाही. पिवळा आहे का आणि किती रुपये किलो, संपला विषय.

त्या चौथ्या ग्लासाच्या भरात मी दाजींना म्हणालो, "आमच्याकडे या, गूळ चाखायला नेतो." कोल्हापूरकराची जीभ आधी बोलते, अक्कल मागनं येते. दाजी खरंच आले. तोडणीला अजून पंधरा-वीस दिवस होते म्हणून ताईलाही सवड होती.

पहिल्या रात्री गंगावेशीतला दूधकट्टा. समोर म्हैस पिळतात आणि फेसासकट ग्लास हातात देतात. दाजींनी दोन ग्लास रिचवले, ताईने नाक मुरडलं. ओठांवर फेसाची मिशी घेऊन दाजी म्हणाले, "हे कट्ट्यावर उभं राहून पिण्यातच मजा आहे. आमच्याकडे याला टेस्टिंग रूम बांधली असती."

दुसऱ्या दिवशी सकाळी मिसळ-ब्रेड खाल्ला. त्याचं वर्णन करत नाही. कोल्हापूरकर मिसळीवर बोलायला लागला की गाडी सुटते.

पहिला प्रयोग फसला. हमरस्त्याला लागून एक ठिकाण आहे, 'अस्सल गुऱ्हाळ' म्हणून मोठा बोर्ड, पुढे बैलगाडीचं चाक, फोटो काढायला झोपाळा. आत काहील, म्हणजे रस उकळायची मोठी कढई होती, पण थंड. तिच्यात कोणी तरी झेंडूच्या माळा टाकून ठेवल्या होत्या. गूळ विकायला होता, लिंबाच्या सालीसारखा पिवळाधमक. दाजींनी खडा जिभेवर ठेवला, क्षणभर थांबले आणि एकच शब्द बोलले, "साखर." मला कोल्हापूरच्या वतीने मेल्याहून मेल्यासारखं झालं.

हा पिवळेपणाही उगाच आलेला नाही. कोल्हापूरच्या गुळाचं मोठं गिऱ्हाईक गुजरात, आणि तिथल्या बाजाराला फिका पिवळा गूळ लागतो. रसात हायड्रॉस पावडर मारली की रंग उजळतो, दर चार पैसे जास्त येतो. केमिकलविना केलेला गूळ तांबूस-तपकिरी असतो आणि कालपर्यंत तो सौद्याला मागे पडायचा. आता शहरातली मंडळी तोच 'सेंद्रिय' म्हणून दुप्पट भावाने नेतात. गुऱ्हाळवाल्यानं करावं तरी काय?

मग एका मित्राला फोन लावला आणि शिवाजी पूल ओलांडून प्रयाग चिखलीच्या रानात शिरलो. तुळशी आणि कुंभीला पोटात घेऊन आलेली भोगावती इथे कासारीला भेटते, पाचवी सरस्वती गुप्त, आणि इथून पुढे नदीचं नाव पंचगंगा. दोन्ही बाजूंनी ऊस, मध्ये एक गाडी जाईल एवढी वाट. वळणावर आधी वास आला, मग धूर दिसला. रस उकळतानाचा तो वास ज्यांनी घेतलाय त्यांना सांगायला नको. ज्यांनी घेतला नाही त्यांनी भाजलेलं कणीस, ओलं गवत आणि थोडी जळकी साखर एकत्र आठवून बघावी, तरी जमायचं नाही.

गुऱ्हाळाच्या भिंतीवर माझ्या डोक्याच्या वर हातभर उंचीवर मातकट रेघ होती. 2019 च्या महापुराची. गुळव्याला, म्हणजे गूळ करणाऱ्या कारागिराला, सगळे तात्या म्हणत होते, त्यांनी रेघेकडे बोट केलं आणि म्हणाले, "हितवर पाणी. चरक पाण्यात, चुलवाण पाण्यात. पर त्येच पाणी रानात मळी टाकून जातंय." नदीकाठच्या या गाळाच्या रानाला आमच्याकडे मळीचं रान म्हणतात. गंमत म्हणजे रस उकळताना वर जी घाण येते तिलाही मळीच म्हणतात. दाजी दोन्हींत गोंधळले आणि तात्यांना हसू आवरेना.

काम बघत आम्ही अडीच-तीन तास तिथेच होतो. एक आधण, म्हणजे एका काहिलीचा गूळ, व्हायला तेवढा वेळ लागतोच. बाहेर चरकात ऊस जात होता, चिपाडं अंगणात वाळत पडली होती आणि तीच वाळलेली चिपाडं जाळव्या चुलवाणात कोंबत होता. म्हणजे उसाचा रस उसाच्याच चोथ्यावर आटतो. काहिलीत रस तापला की त्यात रानभेंडीच्या ठेचलेल्या खोडांचं चिकट पाणी घालतात. त्या चिकटीला धरून रसातली घाण वर येते, ती जाळीनं काढून टाकायची. चुन्याची निवळीही थोडी पडते. हळूहळू हिरवट रसाचा रंग मधासारखा होतो आणि बुडबुडे मोठे, जड होत जातात.

दाजींनी खिशातनं त्यांचं यंत्र काढलं. रिफ्रॅक्टोमीटर. बागेत द्राक्ष चिरडून थेंब काचेवर ठेवायचा आणि उजेडाकडे धरून बघायचं, साखर किती ब्रिक्स, म्हणजे साधारण किती टक्के, झाली. त्यावर त्यांची तोडणी ठरते. त्यांनी चरकातल्या ताज्या रसाचा थेंब ठेवला, डोळा लावला आणि म्हणाले, "एकवीस! आमची वाईनची द्राक्षं बावीस-चोवीसला तोडतो आम्ही. हा तर जवळपास तिथंच आहे." यंत्र हातोहात फिरलं. जाळव्यानंही चुलवाण सोडून डोळा लावला. तात्यांनी बघितलं, परत दिलं आणि विचारलं, "ह्ये रसाचं सांगतंय. पाकाचं सांगल काय?"

दाजी म्हणाले, "नाही हो, एवढा घट्ट आणि उकळता नाही चालायचा याला."

"मग ऱ्हाऊ दे खिशात."

शेवटची वीस मिनिटं कोणी बोलत नव्हतं. तात्या काहिलीच्या कडेला उभे, हातात काठी, शेजारी गार पाण्याची वाटी. काठीवरचा पाक पाण्यात सोडायचा, दोन बोटांनी गोळा करायचा, दाबून बघायचा. पहिल्यांदा तो चिकट दोरीसारखा ओढला गेला. ही काकवीच्या, म्हणजे पातळ गुळाच्या, पुढची अवस्था. दुसऱ्यांदा मऊ गोळी झाली. तिसऱ्यांदा त्यांनी गोळी काहिलीच्या काठावर मारली. टक्. एवढाच आवाज. तात्यांनी हात वर केला आणि एकदम पळापळ सुरू. जाळव्यानं जाळ थांबवला, चौघांनी काहील ओढून वाफ्यावर, म्हणजे पाक निवायच्या उथळ जागेवर, कलती केली आणि सोन्यासारखा पाक पसरला. कडक ढेपेचा गूळ 116 ते 118 अंशाला उतरतो असं पुस्तकात लिहिलंय. तात्यांकडे थर्मामीटर नव्हता. मिनिटभर उशीर झाला तर गूळ काळा पडतो, लवकर उतरवला तर पावसाळ्यात पाझरतो, आणि दोन्हीचा बोल गुळव्यावर. टन उसाला शंभर-सव्वाशे किलो गूळ. तेवढ्या उसाची सगळी मेहनत त्या टक् आवाजावर अवलंबून.

लांब दांड्याच्या फावड्यानं वाफ्यातला गूळ घोटून मग ओलं फडकं घातलेल्या बादल्यांत भरतात. गार झाला की बादली उलटी करायची, रवा म्हणजे गुळाची ढेप तयार. पूर्वी तीस किलोचेच असत. आता दहाचे, पाचचे आणि किलोचेही करतात, शहरातल्या दोन माणसांच्या घरांसाठी.

वाफ्यावरचा गरम गूळ उसाच्या कांडक्याला गुंडाळून तात्यांनी ताईला दिला. वर ओल्या खोबऱ्याचा तुकडा. दूधकट्ट्यावर नाक मुरडणारी ताई दुसरं कांडकं मागायला लाजली नाही.

आणि मग ते झालं, ज्यासाठी मी बढाई मारली होती. तात्यांनी सकाळच्या आधणाचा एक खडा आणि आत्ताचा एक खडा समोर ठेवला. सकाळचा ऊस नदीकाठच्या मळीतला, आत्ताचा वरच्या माळावरचा. जात एकच, को 92005. दाजींनी डोळे मिटून चाखलं, मध्ये पाण्याची गुळणी केली, परत चाखलं. म्हणाले, "पहिला दाट आहे, मागून किंचित खारा येतो. दुसरा हलका आणि स्वच्छ." मीही चाखला. आणि खरं सांगतो, पन्नास वर्षं कोल्हापुरात काढून मला तो फरक पहिल्यांदा कळला. तात्यांना त्याचं काहीच वाटलं नाही. "व्हय की. रान येगळं म्हटल्यावर गूळ येगळाच."

दुपारी पन्हाळा. तटावर बसून झुणका-भाकर आणि मडक्यातलं दही, सोबत ठेचा. ठेच्यावर मी तात्यांनी दिलेली काकवी ओतली तशी बायको म्हणाली, "पाहुण्यांसमोर तरी नीट खा." अंबरखान्याच्या गंगा, यमुना, सरस्वती या तिन्ही धान्यकोठारांतून हिंडलो. 1660 च्या वेढ्यात महिनोन्महिने गड लढला तो ज्या धान्यावर, ते इथं साठवलेलं. 2025 मध्ये युनेस्कोच्या यादीत नाव आल्यापासून गर्दी वाढलीय आणि गाडी लावायला जागा नाही. पण सज्जाकोठीपाशी गेलं की खाली हिरव्या उसाचे चौकोन आणि मधून मधून गुऱ्हाळांचे धूर दिसतात. दाजींनी मोजले, सात. माझ्या लहानपणी मोजायला बोटं पुरायची नाहीत. मजूर मिळत नाहीत, कारखाना शेतावर येऊन ऊस नेतो, गुऱ्हाळ चालवायचा ताप कोण घेणार?

तिसऱ्या दिवशी शिरोळकडे. नरसोबाच्या वाडीला कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर पाय बुडवले, बासुंदी खाल्ली, कवठाची बर्फी घेतली. पुढे खिद्रापूर. कोपेश्वराच्या स्वर्गमंडपात 48 खांब आणि वर छताला तेरा फुटांचं गोल मोकळं आभाळ. बरोबर त्याखाली तेवढ्याच आकाराची गोल शिळा. ताई तिच्यावर उभी राहून वर बघत राहिली. देवळात नंदी नाही, तो यडूरला आहे, हे सांगितल्यावर दाजी म्हणाले, "महादेव इथे, नंदी दुसऱ्या गावाला. आमच्यासारखंच, बाग दिंडोरीला आणि मन घरी."

परतताना एका बांधावर त्यांनी गाडी थांबवायला लावली. उसाच्या फडाशेजारी एक रान पांढरं पडलं होतं, मीठ भुरभुरल्यासारखं. क्षारपड. वर्षानुवर्षं ऊस आणि नुसतं पाणी, निचरा नाही; खालचे क्षार वर येतात आणि जमीन मरते. शिरोळ तालुक्यात अशी रानं पुष्कळ आहेत. दाजींनी चिमूटभर माती बोटावर घेऊन जिभेला लावली. बायको ओरडली, पण ते काही तरी जुळवत होते. "या रानातला गूळ खारट लागेल, नाही का?" मी म्हटलं, लागतो, आणि टिकतही नाही. हे मला माहीत होतं. फक्त मी ते आजवर चव म्हणून कधी धरलं नव्हतं, तक्रार म्हणूनच धरलं होतं.

निघायच्या दिवशी शेजाऱ्यांसाठी गूळ घ्यायला शाहूपुरीत गेलो. शाहू महाराजांनी 1895 मध्ये वसवलेली ही पेठ, गुळावरच वाढली. दुकानात मांडलेल्या रव्यांकडे बघून दाजींनी विचारलं, "हा कुठल्या गावचा?"

दुकानदार बघत राहिला. "गावचा म्हंजे? कोल्हापुरी की!"

"नाही, पण गाव कुठलं? नदीकाठचं का माळावरचं?"

"पाव्हणं, गूळ घ्यायचाय का जमीन?"

दाजींनी दोन किलोचे दोन रवे घेतले. गाडीत बसल्यावर त्यांनी तात्यांकडचा पाच किलोचा रवा मांडीवर घेतला, त्याला गुंडाळलेल्या वर्तमानपत्रावर पेनानं लिहिलं, 'प्रयाग चिखली, माळावरचं रान, दुसरं आधण', आणि शाहूपुरीच्या रव्यांवर काही न लिहिता ते डिकीत टाकले.