लॅमिंग्टन रोडच्या चार फेऱ्या

१९९९ साली घरी कॉम्प्युटर घ्यायचं ठरलं, तेव्हा ऑफिसात सगळ्यांचं एकच म्हणणं: ब्रँडेड घे, नंतर डोक्याला ताप नको. ब्रँडेडचं कोटेशन आलं ५२ हजारांचं. मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात तोच सेलेरॉन ३००ए प्रोसेसर, ६४ एमबी रॅम, १५ इंची मॉनिटर, सगळं मिळून ३४ हजार. मी असेंबल्ड, म्हणजे सुटे भाग जोडून दिलेला, घेतला. मॉनिटरचं खोकं घेऊन दादरला गाडी बदलणं शक्य नव्हतं, म्हणून टॅक्सीने थेट व्हीटी गाठलं आणि खोकं मांडीवर घेऊन डोंबिवलीपर्यंत आलो.

आठवडाभर छान चालला. मग हँग व्हायला लागला. कधी तासाभराने, तर कधी विंडोज ९८ सुरू होतानाचे ढग दिसतात न दिसतात तोच.

दुकानदार म्हणाला, "मदरबोर्ड असणार, सगळे भाग ज्यावर बसतात तो, डिस्ट्रिब्युटरकडे जा." तिथे बोर्ड तासभर सुरळीत चालला. "रॅम बघा." रॅम दुकानदाराने शेजारच्या दुकानातून उचललेली, बिल वेगळं. शेजारचा म्हणाला, "सॉफ्टवेअर असेल, फॉरमॅट मारा." तीन फेऱ्या, तीन हाफ डे. ब्रँडेडचे वरचे १८ हजार कशाचे, ते तेव्हा कळलं. एकाच माणसाची कॉलर धरता येते, त्याचे.

चौथ्या फेरीला दुकानातल्या पोऱ्याने कॅबिनेट उघडलं, रॅम काढली आणि माझ्याकडे खोडरबर मागितला! मी कुठला देणार? शेवटी गल्ल्यातून एक काळवंडलेला तुकडा निघाला. त्याने रॅमच्या सोनेरी पट्ट्या घासल्या, फुंकर मारली, पुन्हा बसवली. तरी हँग. मग फळीवरची भलत्याच कंपनीची रॅम घेतली आणि खटकन दाबली. दोन तास मशीन एकदाही हँग झालं नाही. तीच बदलून मिळाली.

भलत्याच कंपनीची रॅम बसली, हे मला तेव्हा साधं वाटलं. ते साधं नव्हतं. आयबीएमने १९८१ साली पहिला पीसी काढला तो घाईत, बाजारात मिळणारे भाग जोडून. प्रोसेसर इंटेलचा, डॉस मायक्रोसॉफ्टची. खास स्वतःचा म्हणावा असा बायोस, म्हणजे मशीन सुरू करणारा चिपमधला प्रोग्रॅम. कॉम्पॅक या दुसऱ्या कंपनीने तो मूळ कोड न पाहता नव्याने लिहवून घेतला आणि १९८२ साली आपलं मशीन जाहीर केलं. पुढे फिनिक्सने तसाच बायोस लिहून कुणालाही विकायला सुरुवात केली, आणि पीसी आयबीएमच्या हातातून निसटला. १९८७ साली पीएस/२ मालिका आणून, तिच्यातल्या नव्या मायक्रो चॅनेलसाठी (जादा कार्ड जोडायची सोय) परवाना मागून, आयबीएमने दार लावून पाहिलं. बाकीच्या कंपन्यांनी एकत्र येऊन कार्ड जोडायचं ईआयएसए हे वेगळं मानक काढलं. पीएस/२चं नाव उरलं ते कीबोर्ड-माउसच्या गोल पिनांपुरतं. ॲपलच्या मॅकचे क्लोनसुद्धा, म्हणजे दुसऱ्यांनी बनवलेले तसेच कॉम्प्युटर, १९९५ पासून निघत होते, पण तिथे परवाना देणारी ॲपलच. ॲपलचे संस्थापक स्टीव्ह जॉब्स कंपनीत परतले आणि १९९७ मध्ये क्लोनचं दुकान बंद.

म्हणजे क्लोन सगळे सारखे नसतात. ज्याची किल्ली एकाच्याच खिशात, तो क्लोन कधीही मरू शकतो.

२००३ साली माझ्या मदरबोर्डावरचे कपॅसिटर, वीज साठवणारे छोटे डबे, फुगले. चार-पाच, डोक्यावर तपकिरी डाग. स्वस्ताईचा हा दुसरा हप्ता, असं मी बायकोला म्हणालो. पण त्या काळात खराब इलेक्ट्रोलाइटवाले (आतलं रसायन बिघडलेले) कपॅसिटर नावाजलेल्या कंपन्यांच्या बोर्डांवरही फुटत होते. स्टेशनजवळच्या रेडिओ दुरुस्तीवाल्याने नवे डकवून दिले. दीडशे रुपये.

पुढच्याच वर्षी एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज देणारा डबा, उडाला. नवा ६०० रुपयांना आणला, संध्याकाळी मशीन सुरू. योगायोगाने शेजारच्या काकांचाही त्याच महिन्यात गेला. त्यांचं मशीन ब्रँडेड. मी उत्साहाने माझ्यासारखाच एसएमपीएस घेऊन गेलो. प्लग तंतोतंत बसला. नशीब, बरोबरच्या पोराने बटण दाबण्याआधी मल्टिमीटर लावला. कंपनीने तारांचा क्रमच बदलला होता. सुरू केलं असतं तर बोर्ड गेलाच होता. कंपनीचा भाग यायला तीन आठवडे लागले. तोवर त्यांची मुलगी रोज रात्री आमच्याकडे येऊन प्रोजेक्ट टाइप करत होती.